हजार ल्युमेनचा हिशेब

ऑनलाइन बाजारात तळहातावर मावणाऱ्या टॉर्चवर ‘९०,००० ल्युमेन’ असं बिनदिक्कत छापलेलं आढळतं, आणि किंमत पाहावी तर हजाराच्या आत. हा आकडा तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, शाळेतला गुणाकार-भागाकार पुरतो. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्युमेन उजेड देतो, म्हणजे वॅटमागे शंभर. त्या दरानं ९०,००० ल्युमेनला ९०० वॅट लागतील. एवढी वीज इस्त्री खाते, आणि इस्त्री भिंतीतल्या प्लगवर चालते. टॉर्चच्या पोटात असतो तो १८६५० जातीचा एकच लिथियम-आयन सेल: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी आणि आत जेमतेम अकरा वॅट-तास ऊर्जा. ९०० वॅटनं उपसली तर ती पाऊण मिनिटात संपेल, आणि त्या पाऊण मिनिटात शेपटाकडच्या बारीक स्प्रिंगमधून अडीचशे अँपिअर करंट वाहावा लागेल. असं काही होत नसतं. खोक्यातून बाहेर पडते ती बहुतेक वेळा काहीशे ल्युमेनची, थोड्याच वेळात हाताला गरम लागणारी आणि पुढे मंदावत जाणारी वस्तू.

इथून हौशी माणसाचा प्रवास सुरू होतो. टॉर्चचं तोंड पिळलं की ती उघडते, आतले भाग मोजकेच असतात, सोल्डरिंग आयर्न घरात असतंच किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दोन-तीनशे रुपयांत मिळतं. मग पहिला विचार येतो तो करंट वाढवण्याचा. माझं म्हणणं असं की घरच्या घरी टॉर्चमध्ये करण्याजोग्या जेवढ्या सुधारणा आहेत, त्यांत उजेड वाढवणं ही सर्वांत कमी फायद्याची आणि सर्वांत जास्त धोक्याची. उष्णतेची वाट मोकळी करणं, वाया जाणारं व्होल्टेज वाचवणं, मंद उजेडाची सोय करणं आणि रंग खरे दाखवणारा एलईडी बसवणं, हे खरं काम. पुण्यातल्या विश्रांतवाडीच्या वाचकाला तर हे जरा जास्तच आवर्जून सांगायला हवं, कारण एका अंगाला लोहगावचा विमानतळ आणि दुसऱ्या अंगाला आळंदी रस्त्यालगतच्या दाट वस्तीतल्या समोरासमोरच्या खिडक्या, अशा जागी जादा उजेड नुसता वाया जात नाही, तो कोणाच्या तरी डोळ्यांत जातो.

आधी एलईडीचं अर्थशास्त्र. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी करून दाखवला. त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो, आणि आजची जवळपास प्रत्येक एलईडी टॉर्च याच युक्तीवर चालते. निळ्या एलईडीसाठी नाकामुरा, अकासाकी आणि अमानो या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. टॉर्चच्या जगात मोठी उडी पडली ती २०१० मध्ये, क्री या अमेरिकन कंपनीनं एक्सएम-एल हा एलईडी आणला तेव्हा. ३ अँपिअर करंटला, म्हणजे सुमारे दहा वॅटला, हजार ल्युमेन देण्याची त्याची ऐपत होती. पण याच एलईडीच्या माहितीपत्रकातला आलेख नीट पाहिला तर करंट वाढवू पाहणाऱ्याचा उत्साह थोडा ओसरतो. ०.७ अँपिअरला मिळणारा उजेड एक मानला, तर ३ अँपिअरला तो सव्वातीन होतो. करंट सव्वाचार पटींहून अधिक वाढला, उजेड मात्र सव्वातीन पट. पुढे करंट रेटत नेला की हा तोटा वाढतच जातो, आणि एका टप्प्यानंतर जादा करंट देऊन उजेड कमी होतो. शिवाय हा आलेख एलईडी थंड ठेवून काढलेला असतो. टॉर्चच्या आत तो तापतो, आणि तापलेला एलईडी त्याच करंटला आणखी कमी उजेड देतो.

त्यातही डोळ्याचा हिशेब मीटरच्या हिशेबासारखा नसतो. उजेड दुप्पट केला तर डोळ्याला तो दुप्पट वाटत नाही, थोडासा वाढल्यासारखा वाटतो. दुप्पट वाटावा म्हणून चौपट किंवा त्याहूनही जास्त द्यावा लागतो. लांब पल्ल्याचंही तसंच. टॉर्च उत्पादकांनी अमेरिकेत २००९ मध्ये जे एफएल-१ प्रमाण ठरवलं, त्यानुसार झोताचा पल्ला म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरतो ते अंतर. झोताची तीव्रता कँडेलामध्ये मोजतात. तिचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की पल्ला मीटरमध्ये मिळतो. दहा हजार कँडेलाला दोनशे मीटर. चारशे मीटर हवे असतील तर वीस नव्हे, चाळीस हजार कँडेला हवेत. याच प्रमाणात एक गमतीची तरतूद आहे: ल्युमेन मोजायचे ते टॉर्च लावल्यावर अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांच्या आत. म्हणजे प्रामाणिक कंपनीनं छापलेला आकडासुद्धा टॉर्च पुरती तापण्याआधीचा असतो. पंधराव्या मिनिटाचा आकडा खोक्यावर कोणी छापत नाही, आणि अंधारात चालणाऱ्याला लागतो तो नेमका तोच.

म्हणून सगळी गोष्ट येऊन थांबते ती उष्णतेवर. जुन्या बल्बची तार तापायची, पण ती आपली बरीचशी उष्णता उजेडाबरोबरच पुढे फेकायची. एलईडीच्या झोतात उष्णता जवळपास नसते. दहा वॅटमधले तीन-साडेतीन वॅट उजेड होऊन पुढे जातात आणि उरलेली उष्णता दोन मिलिमीटर बाय दोन मिलिमीटरच्या चकतीत मागे साचते. ती फक्त खालच्या बाजूनं, धातूतून धातूत अशी, बाहेर काढावी लागते. स्वस्त टॉर्च उघडली की हा रस्ता कुठे तुटला आहे ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. एलईडी एका षट्कोनी, पांढऱ्या रंगाच्या ॲल्युमिनियमच्या पाटीवर डागलेला असतो. ती पाटी खाली एका पोकळ वाटीच्या कडेवर नुसती टेकलेली असते, मधला भाग हवेत. दोन्हींच्या मध्ये हीटसिंक पेस्टचा ठिपकाही नसतो, किंवा असतो तो वाळून खडू झालेला. वाटी ज्या पिळावर बसते तो पिळ सैल. एवढ्या तीन ठिकाणी हवा अडकली आहे, आणि हवा ही उष्णतेची वाहक म्हणून जवळपास निकामी. अशा टॉर्चमध्ये करंट वाढवणाऱ्याला पहिली काही मिनिटं आनंद होतो, मग एलईडीचा उजेड निळसर होत जातो. फॉस्फर भाजल्याची ती खूण.

तेव्हा पहिलं काम या तीन सांध्यांचं. पाटी सोडवून तिची पाठ आणि वाटीचा माथा बारीक पॉलिश पेपरवर, काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून, घासायचा. वाटी पोकळ असेल तर तिच्या मापाची तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची चकती लेथवाल्याकडून कापून आत दाबून बसवायची. पेस्ट लावायची ती इतकी पातळ की धातूचा रंग खालून दिसावा. पेस्ट हे उष्णतेचं औषध आहे अशी एक समजूत असते, आणि लोक ती लोण्यासारखी थापतात. प्रत्यक्षात पेस्ट धातूपेक्षा कितीतरी वाईट वाहक, तिचं काम फक्त दोन धातूंमधल्या न दिसणाऱ्या खळग्यांतली हवा हाकलण्याचं. एवढं करूनही एक अडथळा उरतो. ॲल्युमिनियमच्या पाटीवर विजेचा संपर्क तोडण्यासाठी एक विलग थर असतो, आणि उष्णतेलाही त्यातून जावं लागतं. तांब्याच्या खास पाट्यांमध्ये एलईडीच्या मधल्या पट्टीखाली हा थर काढून टाकलेला असतो, त्यामुळे चकतीतली उष्णता थेट तांब्यात उतरते. तांबं ॲल्युमिनियमच्या साधारण दुप्पट वेगानं उष्णता वाहतं हा फायदा आहेच, पण खरा फायदा मधला थर गेल्याचा. अशा पाट्या बहुधा ऑनलाइनच मागवाव्या लागतात, आणि फक्त ज्या एलईडीची मधली पट्टी विजेपासून अलग असते त्यालाच त्या चालतात.

एलईडी एका पाटीवरून दुसरीवर नेणं ऐकायला अवघड वाटतं, पण करायला तितकं नाही. टोकदार आयर्न इथे उपयोगाचं नाही, कारण तीन पट्ट्या एकाच वेळी वितळायला हव्यात. पाटी एखाद्या सपाट तापत्या पृष्ठभागावर ठेवतात. शिसं-कथिलाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, तसं ते करडं दिसायचं थांबून आरशासारखं चमकतं. त्याच क्षणी चिमट्यानं एलईडी बाजूंनी धरून उचलायचा. वरचा घुमट मऊ सिलिकॉनचा असतो, त्याला चिमटा लागला की तो सोलून निघतो, हे ध्यानात ठेवायचं. नव्या पाटीवर अगदी थोडं सोल्डर आणि फ्लक्स देऊन एलईडी वर ठेवला की वितळत्या सोल्डरचा पृष्ठताण त्याला स्वतःच ओढून नेमक्या जागी सरळ बसवतो. हे पाहण्यासारखं असतं. मग चिमट्याच्या टोकानं कडेवर हलकेच दाबलं की जादा सोल्डर मणी होऊन बाहेर येतं. मधला थर जेवढा पातळ, तेवढी उष्णता सुखानं उतरते. शेवटी तारा डागताना धन-ऋण तपासणं आणि धातूचा रिफ्लेक्टर त्या डागांना टेकणार नाही याची प्लास्टिकच्या कडीनं खात्री करणं. घरी केलेल्या टॉर्च बंद पडण्यामागे आणि सेल शॉर्ट होण्यामागे हा टेकलेला रिफ्लेक्टर फार वेळा असतो.

दुसरं काम व्होल्टेजचं. शेपटाकडची स्प्रिंग पोलादाची असते, आणि पोलाद काही चांगला वाहक नव्हे. स्प्रिंगचा आणि स्विचचा मिळून रोध ०.०५ ओहम धरला, तर ३ अँपिअरला ०.१५ व्होल्ट तिथेच संपतात. आकडा क्षुल्लक वाटतो, पण सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट आणि एलईडीला हवेत ३.३, म्हणजे खर्चायला एकूण शिल्लक ०.९ व्होल्टची. सेल उतरत जाईल तशी ती आटत जाते. स्प्रिंगच्या आतून मऊ, बारीक धाग्यांची तांब्याची तार दोन्ही टोकांना डागली की हा तोटा बराचसा जातो. मात्र इथे एक फरक समजून घ्यायला हवा. टॉर्चमध्ये करंट ठरवणारा ड्रायव्हर असेल तर या तारेनं उजेड वाढत नाही, तो जास्त वेळ एकसारखा टिकतो. ड्रायव्हर नसून सेल थेट एलईडीला जोडलेला असेल, आणि अनेक स्वस्त टॉर्चमध्ये तसंच असतं, तर ती स्प्रिंगच करंट आवरून धरत होती. तिला बगल दिली की करंट उसळतो. एकाच तारेचे दोन उलटे परिणाम होतात, म्हणून आधी मल्टिमीटर आणि मग आयर्न.

ड्रायव्हरचं सर्वांत साधं आणि टिकाऊ रूप म्हणजे ७१३५ या तीन पायांच्या चिपांची रांग. प्रत्येक चिप सुमारे ३५० मिलिअँपिअर जाऊ देते, त्यामुळे आठ चिपा लावल्या की २.८ अँपिअर. हौशी मंडळी यांच्यावर आणखी चिपा रचतात. मी उलट सुचवेन: तीन काढून टाका. पाच चिपांचे १.७५ अँपिअर झाले. मघाच्याच आलेखावर पाहिलं तर उजेड सुमारे सत्तर टक्के उरतो, आणि शेजारी दुसरी टॉर्च धरल्याशिवाय हा फरक डोळ्याला ओळखता येत नाही. पण ३००० मिलिअँपिअर-तासांचा सेल जिथे तासाभरात संपायचा तिथे तो पावणेदोन तासांच्या जवळ जातो, आणि टॉर्च अशी राहते की ती तेवढा सगळा वेळ हातात धरवते. तीच गोष्ट मंद टप्प्याची. स्वस्त ड्रायव्हरमध्ये ‘हाय, मीडियम, लो’ या तिघांनंतर लुकलुकणारा स्ट्रोब आणि एसओएस असतो, जे कोणीही कधीही वापरत नाही. त्यातला ‘लो’सुद्धा शंभरेक ल्युमेनचा. वारीच्या दिवसांत भल्या पहाटे आळंदी रस्त्यानं चालणाऱ्याला पायापुरते तीस ल्युमेन भरपूर होतात, आणि तेवढ्यावर एक सेल तीसेक तास चालतो. अंधाराला सरावलेली नजर पूर्ण तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोडायला एक झगमगाट पुरतो, हे लक्षात घेतलं तर मंद टप्पा ही चैन नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो शेताच्या बांधावरून, आणि तो रास्त आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात उसात बिबट्या वावरतो. शेतीपंपांना रात्रपाळीची वीज मिळते तेव्हा पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून राबवली जाते आहे, पण तोवर रात्र आहेच. अशा माणसाला ‘कमी उजेड वापरा’ हे सांगणं म्हणजे शहरी शहाणपण झालं. पण त्याला हवं काय ते बारकाईनं पाहू. त्याला रात्रभर पुरणारा, जवळ पसरणारा मध्यम उजेड हवा, आणि कधी तरी दहा-वीस सेकंद बांधाच्या त्या टोकापर्यंत पोचणारा झोत हवा. हजार ल्युमेनची, वीस मिनिटांत तापून मंदावणारी टॉर्च या दोन्हींतलं एकही नीट करत नाही. लांबचा झोत करंटनं मिळत नाही. तो लहान आकाराच्या एलईडीनं आणि मोठ्या, खोल, गुळगुळीत रिफ्लेक्टरनं मिळतो. ओसरामचा एक चौरस मिलिमीटरचा, घुमट नसलेला ‘व्हाइट फ्लॅट’ एलईडी एक्सएम-एलपेक्षा निम्म्याहून कमी ल्युमेन देऊनही, त्याच रिफ्लेक्टरमध्ये, कितीतरी लांब पोचतो, कारण उजेड जेवढ्या लहान ठिपक्यातून निघतो तेवढा तो घट्ट बांधता येतो. म्हणजे लांब पल्ला हवा असणाऱ्यालासुद्धा ल्युमेन वाढवण्याची गरज नाहीच.

पण बांधावरची टॉर्च विश्रांतवाडीच्या गच्चीवर आणली की तिचं रूप पालटतं. पुणे विमानतळ हा मुळात लोहगावचा हवाई दलाचा तळ, आणि कळस-धानोरीच्या बाजूनं विमानं किती खालून जातात हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. घरी नीट जमवलेली, लांब पल्ल्याची टॉर्च एक लाख कँडेला सहज गाठते. हवेतली धूळ सोडून दिली तर एक किलोमीटरवर तिचा उजेड ०.१ लक्स. अगदीच किरकोळ, असं वाटेल. पण आकाशात शुक्र सर्वांत तेजस्वी असताना त्याच्यापासून आपल्यापर्यंत येणारा उजेड साधारण ०.०००१४ लक्स असतो. म्हणजे अंधाऱ्या कॉकपिटमधून धावपट्टीचे दिवे शोधणाऱ्या वैमानिकाला एक किलोमीटरवरची ती टॉर्च शुक्राच्या सातशे पट झळझळीत दिसते, आणि तीही विमान उतरवण्याच्या ऐन घटकेला. १९३७ च्या विमान नियमांमध्ये विमानतळाच्या परिसरात झगमगाटानं विमानाला धोका होईल किंवा वैमानिकाची दिशाभूल होईल असा दिवा लावायला मनाई आली ती काही उगीच नाही, आणि अलीकडच्या वर्षांत पुणे पोलिसांनीही लोहगावच्या आसपास लेझर आणि बीम लाइटच्या विरोधात मनाई आदेश काढले आहेत. टॉर्चचा पल्ला तपासायचा म्हणून ती आकाशाकडे रोखणं ही हौशी लोकांची जुनी सवय. या भागात ती सोडावी लागेल. तपासणी पाच मीटरवरच्या भिंतीवर लक्समीटर धरूनही होते: आलेला आकडा पंचविसानं गुणला की कँडेला मिळाले.

‘टॉर्च म्हणजे काही लेझर नव्हे’ असं कोणी म्हणेल, आणि तेही खरं आहे. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर पुण्यातल्या नेत्रतज्ज्ञांनी लेझरमुळे दृष्टिपटलाला इजा झालेल्या रुग्णांबद्दल जाहीर इशारे दिले आणि पुढच्या वर्षी पोलिसांनी मिरवणुकीत लेझरला बंदी केली. लेझरचा किरण पटलावर सुईच्या टोकाएवढ्या जागी जमा होतो, एलईडीचा उजेड तसा होत नाही. डोळा पाव सेकंदात मिटतो किंवा वळतो, आणि बहुतेक टॉर्चच्या बाबतीत तेवढं संरक्षण पुरतं. पण हातभर अंतरावरून लहान मूल कुतूहलानं झोतात पाहत राहिलं तर हा हिशेब कोलमडतो, आणि रस्त्यावर समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे पुढचे दोन-तीन सेकंद आंधळे जातात ते इजा न होताही.

दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेचा: हे सगळं कंपन्यांवर सोडा, लिथियम सेलशी घरी खेळू नका. यातला सेलविषयीचा भाग मी पूर्ण मान्य करतो. बाजारात ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेले १८६५० सेल मिळतात. त्या आकाराच्या चांगल्या सेलची मजल ३५०० च्या आसपास असते, त्यामुळे असा छाप म्हणजे खोटेपणाची जाहिरातच. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला तर चांगला सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या वर भरतो, नकली बरेचदा तीस-पस्तीसलाच थांबतो. सेल ४.२ व्होल्टच्या वर भरायचा नाही, अडीचच्या खाली उतरू द्यायचा नाही, त्याच्यावर थेट डाग द्यायचा नाही, आवरण फाटलेला वापरायचा नाही, आणि आयएस १६०४६ ची नोंद नसलेला घ्यायचा नाही. मेलेला सेल कचऱ्याच्या बादलीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी असे सेल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण या आक्षेपाचा रोख पाहा. सेल तापतो, फुगतो, पेटतो तो बहुतेक वेळा जादा करंट उपसल्यानं किंवा शॉर्ट झाल्यानं. चिपा काढणाऱ्याचा आणि सांधे नीट करणाऱ्याचा सेल कंपनीच्या मूळ टॉर्चमधल्यापेक्षा थंड राहतो. धोका टॉर्च उघडून बदलण्यात नाही, आकड्यामागे धावण्यात आहे.

आणि कंपन्यांवर सोडून द्यायचं तर कोणत्या? तीन-चार हजारांत उत्तम, तापमान पाहून स्वतःच उजेड उतरवणाऱ्या टॉर्च मिळतात. ज्याला परवडतं त्यानं त्या जरूर घ्याव्यात, घरी करून त्यापेक्षा फार पुढे जाता येईल असं नाही. पण स्वस्त टॉर्चची ॲल्युमिनियमची नळी वीस वर्षं टिकते, आणि बिघडतो तो आतला वीस-पन्नास रुपयांचा भाग. ती नळी फेकून नवी घेणं यात शहाणपण कोणतं? केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा करण्यासाठी २०२२ मध्ये समिती नेमली, तिच्यापुढे मोबाइल, शेती अवजारं, गाड्या होत्या. टॉर्चसाठी असा हक्क मागावा लागत नाही, ती पिळून उघडते. पुणे जिल्ह्याला हातानं करून शिकण्याची परंपराही नवी नाही. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो शाळेत न रमणाऱ्या मुलांना काम करता करता विज्ञान शिकवायला, आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं तिथे फॅब लॅब उभी राहिली. दहावीच्या मुलाला ओहमचा नियम, उष्णतावहन, वर्गव्यस्त नियम आणि आलेख वाचणं हे सगळं एका वस्तूत शिकवायचं असेल, तर शंभर रुपयांच्या मोडक्या टॉर्चएवढं चांगलं साहित्य मला दुसरं सुचत नाही. फक्त सेल मोठ्या माणसाच्या हाती असावा.

राहिला रंग, ज्याच्याविषयी खोक्यावर बहुधा एक अक्षर नसतं. स्वस्त टॉर्चचा उजेड निळसर असतो, ६५०० केल्विन किंवा त्याच्याही वरचा, कारण त्याच विजेत जास्तीत जास्त ल्युमेन असा एलईडीच देतो. फॉस्फर कमी लावायचा, निळा जास्त जाऊ द्यायचा, की आकडा वाढतो. पण अशा उजेडात तांबडा आणि तपकिरी मरतात. अशा एलईडींचा रंगदर्शक निर्देशांक, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचं शंभरापैकी माप, सत्तरच्या आसपास असतो. निचियाच्या २१९ किंवा ५१९ मालिकेत नव्वदच्या वरचे एलईडी मिळतात, त्यांचा उजेड ऊबदार, आणि त्याच करंटला ल्युमेन लक्षात येण्याइतके कमी. पावसाळ्यात धानोरीच्या मोकळ्या जागांलगतच्या पायवाटेवर वाळक्या पानांत घोणस पडलेली असेल तर तिच्या पाठीवरचे गडद तपकिरी गोल निळसर उजेडात सगळ्या पाचोळ्यासारखेच करडे दिसतात. नव्वदच्या उजेडात ते वेगळे दिसतात, ल्युमेन निम्मे असले तरी. मीटरच्या पेटीत तांबडी आणि तपकिरी वायर ओळखायची असो किंवा अंधारात खरचटलेल्या गुडघ्यावर माती आहे की रक्त हे पाहायचं असो, तिथेही तेच. हा बदल करायला मघाचीच पाटी, तेच १८३ अंश आणि दोन-तीनशे रुपयांचा एलईडी लागतो. टॉर्च परत जोडून लक्समीटरसमोर धरली की आकडा आधीपेक्षा खाली आलेला असेल. तो तसाच राहू द्यावा.